गावाकडच्या घरात लॅपटॉपला मॉनिटर जोडून गेम खेळायचा असेल तर

गेमिंग लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडणे म्हणजे एक केबल लावणे, असा सर्वसाधारण समज असतो आणि ज्या घरात वीज चोवीस तास स्थिर असते तिथे तो फारसा चुकीचाही ठरत नाही. दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात हेच काम करताना मला मॉनिटरच्या इंचांपेक्षा व्होल्टेजचा, वैशाखातल्या उन्हाचा आणि घरात साठवलेल्या कापसाचा विचार अधिक करावा लागला. त्यामुळे मॉनिटर आणायला यवतमाळ किंवा नागपूर गाठण्यापूर्वी दोन गोष्टी घरीच पाहून घ्याव्यात, असे माझे मत आहे. लॅपटॉपवरचे पोर्ट (केबल लावायची खाच) कोणत्या ग्राफिक्स चिपला, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या चिपला, जोडलेले आहे, ही पहिली, आणि ज्या बोर्डावर हे सर्व चालणार त्याला खरोखर अर्थिंग आहे का, ही दुसरी.

बहुतेक गेमिंग लॅपटॉपवर एचडीएमआय, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणारे, पोर्ट असतेच. पण ते कोणत्या आवृत्तीचे आहे हे नुसते पाहून कळत नाही, त्यासाठी कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलची माहिती वाचावी लागते. एचडीएमआय १.४ वरून १९२० × १०८० पिक्सेलचे (ठिपक्यांचे) चित्र १२० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला १२० वेळा, जाते; २.० वरून तेच चित्र २४० हर्ट्झपर्यंत आणि २५६० × १४४० चे चित्र १४४ हर्ट्झपर्यंत जाते. ४के (३८४० × २१६०) चित्र १२० हर्ट्झने हवे असल्यास २.१ लागते. लॅपटॉप, केबल आणि मॉनिटर या तिघांपैकी ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच आपली मर्यादा धरावी. यूएसबी-सी पोर्टच्या बाबतीत अधिक सावध राहावे, कारण सर्व यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडत नाही. काही पोर्ट केवळ डेटा आणि चार्जिंगपुरते असतात. ज्यातून डिस्प्लेपोर्टचा (मॉनिटर जोडण्याच्या दुसऱ्या पद्धतीचा) सिग्नल मिळतो, अशा पोर्टला साधी यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल लावली की काम होते. तालुक्याच्या दुकानात मिळणारे व्हीजीएचे (जुन्या पद्धतीच्या मॉनिटर जोडणीचे) कन्व्हर्टर आणि साध्या यूएसबीतून चित्र काढणारे डबे मात्र गेमसाठी घेऊ नयेत. दुसऱ्या प्रकारात चित्र आधी दाबून मग पाठवले जाते आणि माऊस हलवल्यानंतर पडद्यावर हालचाल उशिरा दिसते.

आता पोर्ट कोणत्या चिपला जोडलेले आहे, याकडे वळू. गेमिंग लॅपटॉपमध्ये सहसा दोन ग्राफिक्स चिप असतात, एक प्रोसेसरच्या आतली आणि दुसरी स्वतंत्र. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा पुष्कळदा आतल्या चिपला जोडलेला असतो. त्यामुळे स्वतंत्र चिपने तयार केलेली प्रत्येक फ्रेम (गेमचे एकेक चित्र) आधी आतल्या चिपकडे नकलून घ्यावी लागते आणि मग ती पडद्यावर येते. या ने-आणीत थोडा वेळ आणि थोड्या फ्रेम खर्ची पडतात. अनेक लॅपटॉपमध्ये एचडीएमआय पोर्ट मात्र थेट स्वतंत्र चिपला जोडलेले असते, आणि असे असेल तर बाहेरच्या मॉनिटरवर तोच गेम अधिक सुरळीत चालतो. मोठा पडदा हा त्यावरचा वरकड लाभ. मॉनिटर नसला तरी घरचा टीव्ही जोडून हे तपासता येते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले आणि त्याखाली अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून जोडलेला पडदा निवडला की तो कोणत्या चिपला जोडलेला आहे, हे तिथे नावानिशी लिहिलेले असते. एनव्हिडियाची चिप असल्यास तिच्या कंट्रोल पॅनेलमधील फिजएक्सच्या पानावर हीच जोडणी आकृतीत दिसते. दोन पोर्ट दोन वेगळ्या चिपना जोडलेले आढळले, तर स्वतंत्र चिपचे पोर्ट वापरावे.

मॉनिटरच्या निवडीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. चार किंवा सहा जीबी ग्राफिक्स मेमरीच्या लॅपटॉपला २४ इंची, १९२० × १०८० चा, १४४ हर्ट्झच्या आसपासचा आयपीएस प्रकारच्या पडद्याचा मॉनिटर पुरेसा आहे. २५६० × १४४० च्या पडद्यावर पिक्सेलची संख्या सुमारे पावणेदोन पट होते आणि ४के पडद्यावर चौपट, म्हणजे तेवढा भार त्याच चिपवर पडतो. नवा मॉनिटर घेऊन जुन्यापेक्षा कमी फ्रेम मिळवण्यात शहाणपण नाही. घरातला टीव्ही कायमचा वापरायचा ठरले तर त्याचा गेम मोड चालू करावा, एरवी टीव्ही चित्र सुधारण्याच्या प्रक्रियेत बराच वेळ घालवतो, आणि कडेचा भाग कापला जात असेल तर चित्राच्या आकाराच्या पर्यायांतून तो पूर्ण पडद्यावर बसवून घ्यावा. कथाप्रधान गेमला टीव्ही चालतो. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारख्या, नेमबाजी क्षणात ठरणाऱ्या गेमला मॉनिटरच हवा.

जोडणी करताना लॅपटॉप आणि मॉनिटर दोन्ही बंद ठेवून केबल लावावी. याचे कारण पुढे अर्थिंगच्या संदर्भात येईल. दोन्ही सुरू झाल्यावर विंडोजचे बटण आणि पी एकत्र दाबून फक्त दुसरा पडदा वापरण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे चिपला एकाच पडद्याचे काम राहते. यानंतर पुष्कळ जण थेट गेम सुरू करतात आणि तिथेच फसतात, कारण १४४ हर्ट्झचा मॉनिटर जोडला तरी विंडोज अनेकदा ६० हर्ट्झच निवडून ठेवते. अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेच्या पानावर रिफ्रेश रेट, म्हणजे हाच हर्ट्झचा आकडा, स्वतः बदलावा लागतो. बदल खरोखर झाला का, हे पाहण्यासाठी मोकळ्या डेस्कटॉपवर माऊसचा बाण भराभर गोल फिरवावा: ६० हर्ट्झला बाणाच्या ठळक, तुटक प्रतिमा सुट्या सुट्या दिसतात, १४४ हर्ट्झला त्या इतक्या जवळ येतात की वर्तुळ जवळपास सलग भासते. ६० हर्ट्झला दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र येते आणि १४४ हर्ट्झला दर ६.९ मिलिसेकंदांनी, हा फरक डोळ्यांना असा पटतो. मॉनिटरला फ्रीसिंक किंवा जी-सिंकची, म्हणजे पडद्याचा वेग गेमच्या फ्रेमशी जुळवण्याची, सोय असल्यास ती मॉनिटरच्या मेनूत आणि ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये, अशी दोन्हीकडे चालू करावी.

माझ्या चुलतभावाने पहिल्याच दिवशी तक्रार केली, “दादा, आवाजच येऊन नाही राहिला.” लॅपटॉपमध्ये काहीही बिघडलेले नव्हते, एचडीएमआय जोडल्यावर विंडोजने आवाज मॉनिटरकडे वळवला होता आणि त्या मॉनिटरला स्पीकर नव्हते. खाली उजवीकडच्या आवाजाच्या चिन्हावरून हेडफोन किंवा लॅपटॉपचे स्पीकर पुन्हा निवडले की हा प्रश्न मिटतो.

खेड्यातला खरा प्रश्न विजेचा आहे. लाईन गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, पण मॉनिटर त्याच क्षणी काळा होतो, विंडोज चित्र लॅपटॉपच्या पडद्यावर हलवू लागते आणि ऐन सामन्यात गेम अडकतो. शिवाय लॅपटॉपची बॅटरी स्वतंत्र चिपला पूर्ण शक्ती पुरवू शकत नसल्यामुळे, चित्र परत आले तरी फ्रेम निम्म्यावर येतात. म्हणून दोन्ही उपकरणे इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्यावीत. गेम चालू असताना लॅपटॉप १५० ते २०० वॅट आणि २४ इंची मॉनिटर २५ ते ३० वॅट घेतो, असे धरून १५० अँपिअर-अवरच्या चांगल्या बॅटरीवर, एक पंखा जोडला तरी, चार तासांच्या आसपास काम भागते. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे लाईनसारखी सुरळीत लहरींची वीज देणारा, असावा. साध्या स्क्वेअर वेव्हवर लॅपटॉपचा अडॅप्टर गुणगुणू लागतो आणि अधिक तापतो.

इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक छोटे बटण असते, त्यावर एकीकडे यूपीएस आणि दुसरीकडे नॉर्मल किंवा इको असे लिहिलेले असते. यूपीएसवर ठेवल्यास लाईन जाताच बॅटरीवरची बदली इतकी चटकन होते की मॉनिटर मिटत नाही. नॉर्मलवर ही बदली सावकाश होते आणि मॉनिटर क्षणभर विझून पुन्हा लागण्याचा संभव असतो. मग सर्वांनी यूपीएसच निवडावे, असे वाटेल; पण रब्बीत हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी सुरू झाले की आमच्याकडे व्होल्टेज १७० च्या खाली येते, आणि यूपीएसच्या स्थितीत इन्व्हर्टर साधारण १८० च्या खालचे व्होल्टेज नाकारून वारंवार बॅटरीवर जातो. दर दोन मिनिटांनी टकटक आवाज येतो आणि लाईन असूनही बॅटरी उतरते. यावर उपाय म्हणजे इन्व्हर्टरच्या आधी एक स्टॅबिलायझर बसवणे. लॅपटॉपचा अडॅप्टर आणि मॉनिटर स्वतः १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, त्यामुळे कमी व्होल्टेजने ती उपकरणे जळत नाहीत. अडचण इन्व्हर्टरच्या निवडीची असते.

अर्थिंगचे महत्त्व मला कोपराने शिकवले. लॅपटॉपच्या धातूच्या झाकणाला उघडा हात टेकला की बारीक झिणझिण्या येत, आणि टेस्टर लावल्यावर त्याचा दिवा मंद लागे. अडॅप्टरमधील फिल्टरची थोडीशी गळती तिसऱ्या पिनेवाटे जमिनीत जायला हवी. ती वाटच बंद असेल तर ती धातूवर साचते, आणि मॉनिटरची केबल लावताना किंवा काढताना ठिणगी होऊन पोर्टलाही इजा होऊ शकते. यासाठी तीन पिनांचा प्लग मोडून दोन पिनांच्या सॉकेटात घालू नये, लॅपटॉप आणि मॉनिटर एकाच बोर्डावर ठेवावेत, आणि वायरमनकडून अर्थिंगचा खड्डा तपासून घ्यावा. आमच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि खड्ड्यातली ओल जाते. त्यामुळे होळीनंतर दर आठवड्याला तिथे एक बादली पाणी घालण्याचा नेम मी ठेवला आहे. अर्थिंगच्या तारेऐवजी न्यूट्रल जोडून देण्याचा सोपा मार्ग कोणी सुचवला तर तो साफ नाकारावा, कारण न्यूट्रल तुटला की लॅपटॉपच्या धातूत थेट करंट येतो.

उष्णतेच्या बाबतीत मॉनिटर हा एक प्रकारे वरदानच ठरतो. बहुतेक लॅपटॉप खोलीचे तापमान ३५ अंशांपर्यंत असेल असे गृहीत धरून बनवलेले असतात. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि टिनाच्या छपराखालच्या खोलीत दुपारी काय होते ते वेगळे सांगायला नको. चिप ठरावीक मर्यादेपर्यंत तापली की स्वतःचा वेग कमी करते आणि गेम अडखळतो. मॉनिटर, सुटा कीबोर्ड आणि माऊस असल्यावर लॅपटॉप समोर ठेवण्याचे बंधन उरत नाही. तो खिडकीच्या बाजूला, मागच्या कडेखाली इंचभर जाडीचे दोन लाकडी ठोकळे देऊन, गरम हवा बाहेर पडेल असा ठेवता येतो. झाकण मिटून वापरण्याचा मोह मात्र आवरावा. अनेक लॅपटॉपची गरम हवा बिजागरीजवळून निघते आणि काही हवा कीबोर्डमधून आत जाते. फ्रेमची संख्याही मॉनिटरच्या हर्ट्झइतकीच मर्यादित करावी. पडद्याला दाखवता न येणाऱ्या फ्रेम तयार करून चिप तापवण्यात अर्थ नाही.

कूलरचा झोत लॅपटॉपवर घेऊ नये, तो माणसावर घ्यावा. पॅड नीट बसलेले नसले की हवेबरोबर बारीक तुषार येतात, ते पंख्यातून आत ओढले जातात. कूलरची मोटर वेगळ्या बोर्डावर असावी, आणि समोरची खिडकी उघडी राहील हे पाहावे, नाहीतर खोलीत दमटपणा साचून माणूस आणि लॅपटॉप दोघेही घामाघूम होतात.

कापसाबद्दल लिहिलेले मला कुठे आढळले नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. भाव वाढेल या आशेने आमच्याकडे कापूस माघ-फाल्गुनापर्यंत घरात भरलेला असतो. एका वर्षी त्याच खोलीत मी लॅपटॉप मांडला होता. महिन्याभरात पंखे विमानासारखे ओरडू लागले आणि खालचे झाकण उघडल्यावर तांब्याच्या पट्ट्यांच्या तोंडाशी पांढुरकी, धूळ बसून करडी झालेली वाकळ सापडली. चिमट्याने धरल्यावर ती अखंड निघाली. कापूस घरात आहे तोवर लॅपटॉप दुसऱ्या खोलीत हलवावा, आणि दर दोन महिन्यांनी जाळ्या मऊ ब्रशने साफ कराव्यात. ब्लोअरने हवा मारायची असल्यास पंख्याचे पाते काडीने धरून ठेवावे, कारण जोराच्या हवेने पंखा मर्यादेबाहेर फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. वॉरंटी शिल्लक असेल तर झाकण उघडण्यापूर्वी तिच्या अटी वाचाव्यात.

रोहिणी आणि मृगातल्या वादळांत बटण बंद करून भागत नाही. ढग गडगडू लागताच मॉनिटरचा आणि अडॅप्टरचा प्लग भिंतीतून काढावा, इंटरनेटच्या डब्यातून लॅपटॉपला येणारी लॅन केबल काढावी, आणि एचडीएमआय केबलही सोडवून ठेवावी. मॉनिटर भिंतीला जोडलेला राहिला तर त्याच केबलवाटे झटका लॅपटॉपपर्यंत पोहोचतो.