फुकटचं पोलाद: सुरीसाठी नागपुरात भंगार कुठं मागावं, काय घ्यावं

ट्रकचा तुटलेला कमानी पाटा (लीफ स्प्रिंगची पट्टी) फुकट मिळेल या भरवशावर नागपूरलगतच्या वाडीतल्या ट्रक गॅरेजांकडे जाऊ नका. अख्खा पाटा किलोच्या भावानं कबाड्याकडे जातो, गॅरेजवाला तो सोडत नाही. सुटतात ते वीतभर तुकडे, आणि सुरीला तेवढेच लागतात. दुपारी कामाचा जोर ओसरल्यावर जा आणि सरळ विचारा, ‘भाऊ, कापून उरलेले तुकडे आहेत का?’ एकाच पाट्याचे चार तुकडे हे दहा गाड्यांच्या दहा तुकड्यांपेक्षा मोलाचे, कारण एकावर केलेली चाचणी उरलेल्या तिघांनाही लागू पडते. भंगारावर ग्रेड लिहिलेला नसतो. त्यामुळे घरी आणल्याबरोबर प्रत्येक तुकड्यावर ऑइलपेंटनं तो कुठला ते लिहून ठेवा.

पाटा मात्र ८ ते १२ मिमी जाड असतो. भट्टी आणि ऐरण असेल तरच घ्या. कोयत्या-विळ्याला उत्तम, भाजीच्या सुरीला उगाच मेहनत. स्वयंपाकघरासाठी लकडगंजच्या आरा मशीनवरचा तुटलेला बँडसॉ (पट्टीसारखी लांब करवत) मागा. तो साधारण १ मिमी जाड असतो, ग्राइंडरनं आकार कापला की ठोकावं लागत नाही. दातांची कड कापून टाका. पातळ पातं कडक करायला तापवून तेलात बुडवलं की हमखास वाकतं, म्हणून बाहेर काढल्या काढल्या दोन जाड सपाट पट्ट्यांमध्ये दाबून धरायचं.

हिंगणा एमआयडीसीतल्या शेडमध्ये घासलेल्या कानशी कोपऱ्यात पडून असतात. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात जा. खंडे नवमीच्या यंत्रपूजेसाठी शेड झाडून निघते, तेव्हा नको असलेलं सगळं दाराशी येतं. चांगल्या कानशीत १ टक्क्याच्या वर कार्बन असतो. स्वस्त कानशीत फक्त साल कडक असते. टोकाचा तुकडा फडक्यात गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून तोडा: काचेसारखा तुटला तर ठेवा, मधला भाग वाकला तर कबाड्याला द्या. घडवण्याआधी दात पूर्ण घासून काढा. खाचा राहिल्या तर पाणी देताना (तापवून तेलात बुडवून कडक करताना) तिथूनच तडा जातो.

पॉवर हॅकसॉचं ब्लेड दिसायला मोहात पाडतं, पण ते बहुधा हायस्पीड स्टील (कटिंग टूलचं मिश्र पोलाद) असतं. घरच्या भट्टीत त्याला नीट पाणी देता येत नाही. कडक आहे तसंच, थंड ठेवत घासून पातं करता येतं. सळई, अँगल, पाइप यांना धार टिकत नाही, कितीही चकाकले तरी.

आता चाचणी. ग्राइंडरवर ठिणगी पाहा: एमएसची (माइल्ड स्टील, म्हणजे साधं मऊ पोलाद) लांब आणि कमी फाटे असलेली, जास्त कार्बनची आखूड, दाट, फुटणारी. शेजारी एक ओळखीची कानस आणि एक सळई ठेवून तुलना केली तरच डोळा बसतो. ठिणगीवर थांबू नका. बोटभर तुकडा लोहचुंबक चिकटेनासं होईपर्यंत तापवा (साधारण ७७० अंश), मग रंग किंचित उजळू द्या आणि ५०-६० अंश गरम तेलात बुडवा. तेलाचा डबा लोखंडी हवा, झाकण हाताशी हवं, भडका उडतोच. थंड झाल्यावर नवी कानस त्यावर घसरली पाहिजे. शेगड्यात (बेंच व्हाइसमध्ये) धरून तोडल्यावर आतला कण बारीक, राखाडी दिसला तर माल पास. कण साखरेसारखा जाड दिसला तर उष्णता जास्त झाली, पोलादाचा दोष नाही.

जुन्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकाजवळ. तारेच्या ब्रशनं घासा, रॉकेलमध्ये रात्रभर ठेवा, पुसून कोरडा करा आणि वर खडूची पूड लावा. तासाभरात पांढऱ्यावर ओली रेघ उमटली तर तेवढा भाग कापून टाका.

जस्ताचा किंवा क्रोमचा मुलामा असलेलं काहीही भट्टीत घालू नका, धूर विषारी असतो. मोटारसायकलचा शॉकर अख्खा तापवला तर फुटतो. स्प्रिंग आधी मेकॅनिककडून सोडवून घ्या.

अजनी-मोतीबागच्या रुळांलगत पडलेल्या क्लिपा आणि खिळे उत्तम दिसतात, पण ते उचलू नका. रेल्वेच्या मालमत्तेसाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि ‘पडलेलंच होतं’ हे उत्तर आरपीएफपुढे (रेल्वे सुरक्षा दलापुढे) चालत नाही.