तक्रार केली आणि निलंबन आलं : अपील करताना या चुका टाळा

टँकरच्या फेऱ्यांचं लॉगबुक, ठिबकचं अनुदान, अतिवृष्टीच्या मदतीच्या याद्या, रोजगार हमीच्या विहिरी. मराठवाड्यात सरकारी कर्मचाऱ्याला गैरव्यवहार दिसतो तो बहुतेक अशाच कागदांत. तो वर कळवतो आणि काही दिवसांत बदली, निलंबन किंवा दोषारोपपत्र हातात पडतं. इथून पुढे दोन वेगळ्या फायली चालू होतात : एक भ्रष्टाचाराच्या तक्रारीची, दुसरी तुमच्या नोकरीची. पहिलीला घाई नसते, कोणी ना कोणी ती चालवतं. दुसरीला मुदत असते आणि ती एकट्या तुम्हालाच पाळावी लागते. बहुतेक प्रकरणं बिघडतात ती या दोन फायली एकत्र केल्यामुळे.

आदेश घ्यायला नकार देणे

"सहीच केली नाही तर आदेश लागू कसा होईल?" हा सल्ला ऑफिसात फुकट मिळतो आणि महागात पडतो. आदेश घराच्या दारावर चिकटवतात, पंचनामा करतात, रजिस्टर पोस्टाने पाठवतात. बजावणी झाली असं धरलं जातं आणि तुमच्याकडे मात्र आदेशाची प्रतही नसते. आदेश घ्या. सहीखाली तारीख आणि वेळ लिहा, हवं तर "विरोधासह स्वीकारला" असं लिहा. अपिलाचे दिवस या तारखेपासून मोजले जातात.

दिवस चुकीचे मोजणे

महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 नुसार अपिलाची मुदत आदेशाची प्रत मिळाल्यापासून 45 दिवस आहे. 5 जूनला आदेश मिळाला तर मुदत 20 जुलैला संपते. लोक दीड महिना म्हणून अंदाजाने चालतात, त्यात निवेदनं देत बसतात. पालकमंत्री, आमदार, आयुक्त, पुन्हा आयुक्त. एकाही निवेदनाने मुदत वाढत नाही. एस. एस. राठोड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितलंय की कायद्यात नसलेली निवेदनं वारंवार दिल्याने मुदत पुढे सरकत नाही. शिवाय सेवाविषयक कामासाठी राजकीय दबाव आणणं वर्तणूक नियमांतच गैर आहे. आमदारांचं शिफारसपत्र जोडलंत तर समोरच्याला आयता मुद्दा मिळतो.

पुढचा टप्पा म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, सगळे ज्याला मॅट म्हणतात. मराठवाड्यातल्या जिल्ह्यांसाठी त्याचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. 1985 च्या प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियमातलं गणित असं : अपिलावर अंतिम आदेश आला तर तिथून 1 वर्ष. काहीच उत्तर आलं नाही तर अपील दिल्यापासून 6 महिने थांबायचं आणि त्यानंतर 1 वर्ष. वरच्या उदाहरणात 20 जुलैला अपील दिलं आणि सगळे गप्प बसले, तर 20 जानेवारीपासून मॅटचा रस्ता मोकळा होतो आणि त्याच्या पुढच्या वर्षीच्या 20 जानेवारीला बंद होतो. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण उशीर का झाला हे कागदांनिशी दाखवावं लागतं. "वरिष्ठांनी तोंडी आश्वासन दिलं होतं" हे कारण सहसा टिकत नाही.

चुकीच्या दारात जाणे

महसूल, कृषी, आरोग्य, पोलीस अशा राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी मॅट. जिल्हा परिषदेचा कर्मचारी, म्हणजे ग्रामसेवक किंवा प्राथमिक शिक्षक, मॅटमध्ये जाऊ शकत नाही. त्याचे शिस्त व अपील नियम 1964 चे आहेत. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या आदेशावर तो विभागीय आयुक्तांकडे अपील करतो आणि तिथून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जातो. खासगी अनुदानित शाळेच्या शिक्षकाला बडतर्फ केलं तर 1977 च्या कायद्याखाली शाळा न्यायाधिकरण, मुदत फक्त 30 दिवस. टपाल खातं किंवा नांदेड विभागातली रेल्वे, म्हणजे केंद्राचा कर्मचारी असेल तर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ.

लोकायुक्तांबद्दल मोठा गैरसमज आहे. 1971 च्या लोकायुक्त कायद्याखाली भ्रष्टाचाराच्या आरोपाची तक्रार तिथे करता येते. पण नेमणूक, शिस्तभंग, सेवेच्या शर्ती हे विषय त्याच कायद्याने त्यांच्या कक्षेबाहेर ठेवलेत. निलंबन उठवा म्हणून तिथे अर्ज करून वाट पाहणारा 45 दिवस हातचे घालवतो.

केंद्रीय दक्षता आयोगाचंही तसंच. महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार कळवणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांच्या हत्येनंतर 21 एप्रिल 2004 ला केंद्र सरकारने जो ठराव केला, त्याखाली नाव गुप्त ठेवून तक्रार करता येते : बंद पाकीट, बाहेर फक्त विषय, नाव-पत्ता आत. पण तो केंद्राच्या अखत्यारीतल्या कार्यालयांसाठी आहे. तहसीलमधल्या गैरव्यवहाराची तक्रार तिथे पाठवून "मला संरक्षण मिळालंय" असं समजू नका. आणि तक्रारीचा फोटो स्वतःच ग्रुपवर टाकला तर नाव गुप्त राहण्याचा प्रश्नच मिटला.

जागल्यांच्या कायद्यावर अपील उभं करणे

जागल्यांना, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा संसदेने 2014 मध्ये मंजूर केला, 9 मे 2014 ला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. तो लागू करणारी अधिसूचना मात्र निघालेली नाही. तरी "कलम 11 नुसार माझा छळ करता येत नाही" अशी वाक्यं अपिलात दिसतात. सरकारी बाजू एका ओळीत ती खोडते आणि वाचणाऱ्याचा बाकीच्या मुद्द्यांवरचाही विश्वास उडतो. आधार घ्यायचा तो सेवा नियमांचा, बदली कायद्याचा आणि राज्यघटनेच्या कलम 14 चा, म्हणजे समानतेच्या हक्काचा.

आकस नुसता म्हणणे, दाखवणे नाही

इथे सगळ्यात जास्त प्रकरणं पडतात. "मी भ्रष्टाचार उघड केल्याने साहेबांनी सूडबुद्धीने कारवाई केली" या वाक्याला अपिलात शून्य किंमत आहे. ई. पी. रॉयप्पा प्रकरणापासून (1974) न्यायालयं एकच सांगत आलीत : आकसाचा आरोप सोपा, सिद्ध करण्याचा भार जड. मग लिहायचं कसं? असं :

"14 फेब्रुवारीला टँकर फेऱ्यांच्या लॉगबुकमधील तफावतीचा अहवाल जावक क्रमांकासह पाठवला. 19 फेब्रुवारीला त्याबद्दल माझ्याकडेच खुलासा मागितला. 26 फेब्रुवारीला दोन वर्षांपूर्वीच्या गैरहजेरीवरून निलंबित केले. त्या काळाची रजा तेव्हाच मंजूर झाली आहे, मंजुरीचा आदेश सोबत जोडला आहे."

यात "सूड" हा शब्द नाही, पण वाचणाऱ्याला तो दिसतो. प्रत्येक तारखेमागे एक कागद लावा आणि त्यावर पृष्ठ क्रमांक टाका. मॅटमध्ये जाताना आकसाचा आरोप एखाद्या अधिकाऱ्यावर असेल तर त्याला नावानिशी प्रतिवादी करावं लागतं. पदनाम लिहून भागत नाही, कारण त्याला उत्तर देण्याची संधी मिळालीच पाहिजे. नाव घ्यायची तयारी नसेल तर आकसाचा मुद्दा सोडा आणि नियमभंगाच्या मुद्द्यावर लढा. अनेकदा तोच जास्त पक्का असतो.

अपिलाची भाषा सभ्य हवी, हेही नियमातच आहे. आणखी एक गोष्ट लोकांना उशिरा कळते : अपील प्राधिकाऱ्याला शिक्षा वाढवण्याचाही अधिकार आहे, अर्थात नोटीस देऊन. किरकोळ ठपक्यावर अपील करण्याआधी हे तोलून बघा.

बदलीला निलंबनासारखं हाताळणे

बदली ही नियमांच्या भाषेत शिक्षा नाही, म्हणून शिस्त व अपील नियमांखाली तिच्यावर अपील नाही. तिला 2005 चा बदली अधिनियम लागतो. सर्वसाधारण पदावधी 3 वर्षांचा, बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यात. मुदतपूर्व किंवा मध्यावधी बदली करायची तर कलम 4(5) नुसार कारणं लेखी नोंदवून लगतच्या वरिष्ठ सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. ही कारणं आदेशात नसतात, फाइलवरच्या टिपणीत असतात. माहिती अधिकारात टिपणीची प्रत मागा : अर्जाला 10 रुपये, उत्तराला 30 दिवस. "प्रशासकीय कारणास्तव" एवढंच लिहिलेलं निघालं तर तुमचं प्रकरण निम्मं उभं राहिलं. निनावी तक्रारीवरून, शिक्षेऐवजी केलेली बदली सोमेश तिवारी प्रकरणात (2009) सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली आहे.

पण टिपणीची वाट पाहत मॅट लांबवू नका. एकदा एकतर्फी कार्यमुक्त केलं आणि तुमच्या जागी दुसरा हजर झाला, की स्थगिती मिळणं अवघड होतं. आदेश मिळाल्याच्या दोन-तीन दिवसांत वकिलाकडे जा, मॅटमधल्या मूळ अर्जाची प्रत सादरकर्ता अधिकाऱ्यांच्या (तिथे शासनाची बाजू मांडणाऱ्या वकिलांच्या) कार्यालयात द्या आणि अंतरिम दिलासा मागा. वैद्यकीय रजा टाकून गायब होणं हा उपाय नव्हे, त्यातून गैरहजेरीचा नवा आरोप जन्माला येतो.

निलंबन काळातली ढिलाई

निलंबनाच्या आदेशात मुख्यालय लिहिलेलं असतं. संभाजीनगरच्या माणसाला किनवट दाखवलं तरी परवानगीशिवाय ते सोडू नका. पहिले तीन महिने अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका निर्वाह भत्ता मिळतो. त्यानंतर विलंब तुमच्यामुळे झालेला नसेल तर त्यात त्याच भत्त्याच्या 50 टक्क्यांपर्यंत वाढ होऊ शकते, त्यासाठी अर्ज देऊन ठेवा. दर महिन्याला "दुसरी नोकरी, व्यवसाय करत नाही" असं प्रमाणपत्र द्यायला विसरलात की भत्ता अडतो.

अजय कुमार चौधरी प्रकरणाच्या निकालानंतर (2015) राज्य शासनाने 9 जुलै 2019 ला शासन निर्णय काढला. निलंबनापासून 90 दिवसांत दोषारोपपत्र बजावलं नाही तर निलंबन संपवण्यावाचून पर्याय राहत नाही, असा त्याचा गाभा. 91 व्या दिवशी या शासन निर्णयाचा हवाला देऊन पुनःस्थापनेचा अर्ज द्या.

दोषारोपपत्र आलं की लगेच मॅट गाठायची घाई करू नका. निव्वळ दोषारोपपत्रात न्यायाधिकरण सहसा हात घालत नाही. त्यापेक्षा चारही जोडपत्रं तपासा : आरोप, तपशील, कागदांची यादी, साक्षीदारांची यादी. यादीतला कागद मिळाला नसेल तर लेखी मागा आणि मागणीची पोच ठेवा. पुढे चौकशी अहवालाची प्रत न देता शिक्षा झाली किंवा साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ दिली नाही, तर अपिलात चालतात ते हेच मुद्दे. पुरावा नव्याने तोलायला न्यायाधिकरण बसत नाही, प्रक्रिया पाळली का ते बघतं.

अपील फक्त "योग्य मार्गाने" पाठवणे

अपील तुमच्याच वरिष्ठामार्फत गेलं की ते त्याच्या कपाटात आराम करतं. योग्य मार्गाने द्याच, पण आगाऊ प्रत अपील प्राधिकाऱ्याच्या बारनिशीत (आवक-जावक विभागात) थेट द्या आणि आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. ईमेल आणि स्पीड पोस्टही करा. मॅटमध्ये 6 महिने मोजले जातात ते या पोचेवरूनच.

मॅटचा निकाल तुमच्या बाजूने लागला तर त्याच आठवड्यात उच्च न्यायालयाच्या खंडपीठात कॅव्हेट, म्हणजे "मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका" असा आगाऊ अर्ज, दाखल करा. ते 90 दिवस चालतं, मग पुन्हा भरावं लागतं. विभाग रिट याचिका दाखल करून तुमच्या माघारी स्थगिती घेतो ते बहुतेक याच फटीतून.