लहान समुद्री माशांच्या विणीची तारीख का चुकते? या चुका टाळा

कॅपलिन, हेरिंग, ग्रुनियन यांसारखे वीत-दीड वीत लांबीचे मासे अंडी घालायला किनाऱ्याकडे कधी येणार, हे सांगणं वरकरणी सोपं वाटतं. गेल्या वर्षीची तारीख काढायची, पाण्याचं तापमान बघायचं, पौर्णिमा-अमावास्या बघायची, झालं. मग मासे येतच नाहीत किंवा आठवडेच्या आठवडे उशिरा येतात आणि सगळा दोष हवामानावर जातो. बहुतेक वेळा गडबड वेगळीच असते. माशाच्या पोटात गाभोळी भरायला महिने लागतात. वाटेतल्या पाण्यामुळे आठवड्यांचा फरक पडतो. नेमकी रात्र आणि तास ठरवायचं काम मात्र भरती, लाट आणि वारा करतात. या तिन्हींची सरमिसळ झाली की अंदाज कोसळलाच.

किनाऱ्यावरच्या आजच्या तापमानावर विसंबणं

ही चूक सर्वांत मोठी, आणि ती समजून घ्यायला कॅनडाच्या पूर्वेकडच्या न्यूफाउंडलंड बेटाचा कॅपलिन पुरेसा आहे. हा मासा जून-जुलैत तिथल्या खडीच्या किनाऱ्यांवर अक्षरशः लाटेवर स्वार होऊन येतो. या दिवसांत नराच्या दोन्ही कुशींवर लांबट खवल्यांचे मऊ, केसाळ पट्टे उठलेले असतात. एक नर, कधी दोन नर मादीला बाजूने दाबून धरतात, लाट त्यांना खडीवर नेते, तिथे अंडी सुटतात आणि पुढच्या लाटेबरोबर मासे मागे फिरतात. चिकट अंडी खड्यांना बिलगून राहतात. पाणी साधारण ५ ते १० अंश सेल्सियस असलं की हे घडतं, म्हणून लोक तापमापक बुडवून वाट बघत बसतात.

१९९१ साली हा हंगाम खूप उशिरा आला. त्या वर्षी पाणी खरोखरच थंड होतं, त्यामुळे कारण सापडल्यासारखं वाटलं. पण पुढे पाणी पुन्हा उबदार झालं, तरी कॅपलिन जुन्या तारखांवर परतला नाही. १९८० च्या दशकाच्या तुलनेत विणीचा भर सुमारे तीन आठवडे उशिराच राहिला. पाणी बदललं होतंच, पण मासाही बदलला होता. १९९०-९१ मध्ये त्याची संख्या कोसळली आणि उरलेले मासे वयाने लहान, अंगाने बारीक होते. मोठे, वयस्क कॅपलिन आधी परिपक्व होतात आणि आधी येतात. लहानांना वेळ लागतो. मोठे मासेच कमी झाले, तर पाणी कितीही अनुकूल असलं तरी हंगाम पुढे सरकणार.

म्हणून तारीख चुकली की आधी माशांची लांबी आणि वय बघा, मग हिवाळ्यापासूनचं खोल पाण्याचं तापमान, आणि सर्वांत शेवटी किनाऱ्यावरचं आजचं पाणी. नॉर्वे-रशियाच्या उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रातले अभ्यासक शरद ऋतूतल्या पाहणीत १४ सेंटिमीटरहून लांब कॅपलिन पुढच्या वसंतात अंडी घालणार असं धरतात. काही महिने आधी हाती येणारी ही खूण उन्हाळ्यातल्या तापमापकापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

पहिला थवा दिसला म्हणजे हंगाम लागला असं समजणं

पहिली लाट बहुधा मोठ्या माशांची असते. तिच्यामागे दुसरी, कधी तिसरीही येते. नुसती "पहिल्यांदा दिसले" अशी तारीख दरवर्षी लिहून ठेवली, तर आपण प्रत्यक्षात सर्वांत मोठ्या माशांचंच वेळापत्रक लिहीत असतो. सुरुवात, भर आणि शेवट अशा तीन तारखा स्वतंत्र ठेवा. आणि ज्या दिवशी जाऊन बघितलं पण काही दिसलं नाही, तो दिवसही नोंदवा. कोरी जागा आणि शून्य यांत फार मोठा फरक आहे.

किनारा रिकामा म्हणजे मासे आलेच नाहीत?

तसं नाही. किनाऱ्याचं पाणी फार तापलं तर न्यूफाउंडलंडचा कॅपलिन जवळच्याच खोल, गार तळावर अंडी घालतो. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर तर तो एरवीही समुद्रतळावरच घालतो.

सगळ्यांना एकच चंद्र लावणं

कॅलिफोर्नियाचा ग्रुनियन पाहिलेल्या माणसाला वाटतं की प्रत्येक मासा चंद्राच्या तालावर चालतो. कॅपलिनला किंवा हेरिंगला हे गणित जसंच्या तसं लावू नका. ग्रुनियनचं गणित मात्र थक्क करणारं आहे. मार्च ते ऑगस्टमध्ये, पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या तीन-चार रात्री, उधाणाची भरती माथ्यावर पोचून ओसरायला लागली की मासे वाळूवर येतात. मादी शेपटीकडून वाळूत शिरते, जवळजवळ उभी राहते आणि खाली अंडी सोडते. नर तिच्याभोवती वेढा घालतात. हे सगळं अर्ध्या मिनिटात आटोपतं.

ओसरत्या भरतीलाच का? कारण त्यानंतर रात्रीमागून रात्र भरतीची उंची कमी होत जाते आणि पुरलेली अंडी वाहून जात नाहीत. सुमारे दहा दिवसांत ती तयार होतात, पण फुटत नाहीत. पुढच्या उधाणाच्या लाटांनी वाळू घुसळली की काही मिनिटांत पिल्लं बाहेर पडतात.

इथे फसगत होते ती दोन ठिकाणी. लोक ऐन पौर्णिमेच्या रात्री जातात आणि भरती चढत असताना थांबून कंटाळून परततात. दुसरी फसगत तारखेची. भरती मध्यरात्रीनंतर असेल तर कॅलेंडरची तारीख बदललेली असते, आणि माणूस बरोबर चोवीस तास चुकीच्या रात्री वाळूवर उभा राहतो.

एक जात, एक हंगाम असं गृहीत धरणं

अटलांटिक हेरिंगचंच बघा. नॉर्वेच्या किनाऱ्यावरचा प्रसिद्ध गट फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये अंडी घालतो. उत्तर समुद्रात स्कॉटलंडजवळचे गट उन्हाळ्याच्या शेवटी सुरुवात करतात, तर इंग्लिश खाडीतले गट नोव्हेंबर ते जानेवारीत. एका गटाच्या तारखा दुसऱ्याला लावल्या तर निम्म्या वर्षाची चूक होते. कोणता गट आहे हे कळत नसेल, तर अंदाज न केलेला बरा.

याच जोडीला आणखी एक: मोठं स्थलांतर दिसलं की ते विणीसाठीच असेल असं धरू नका. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा सार्डिनचा प्रचंड लोंढा थंड पाण्याच्या पट्ट्यामागे जातो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं की त्यातले मासे मुख्यतः अटलांटिक बाजूचे, गार पाण्याला सरावलेले असतात आणि शेवटी त्यांना न मानवणाऱ्या उबदार पाण्यात अडकतात.

अंडी घातल्यावर नोंदी थांबवणं

विणीची तारीख महत्त्वाची असते ती पिल्लांसाठी. पिल्लं बाहेर पडतील तेव्हा समुद्रात त्यांचं खाद्य, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव (प्लवक), असायला हवेत, हा मुद्दा ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिड कुशिंग यांनी ठामपणे मांडला. कॅपलिनची अंडी १० अंशांत साधारण दोन आठवड्यांत फुटतात, ५ अंशांत जवळपास दुप्पट दिवस घेतात. शिवाय फुटल्यावरही पिल्लं खडीतच थांबतात आणि समुद्राकडून किनाऱ्याकडे वारा सुटला, लाटा उसळल्या की एकदम बाहेर पडतात. म्हणजे दोन किनाऱ्यांवर एकाच दिवशी अंडी घातली गेली, तरी पिल्लं समुद्रात उतरण्यात बऱ्याच दिवसांचं अंतर पडू शकतं. विणीची तारीख लिहिल्यावर त्याच पानावर पुढचा महिनाभर खडीतलं तापमान आणि वाऱ्याची दिशा रोज लिहीत राहा.