फोटोवर टेक्स्चर चढवताना या चुका टाळा

टेक्स्चर, म्हणजे भिंत-कापडासारख्या पृष्ठभागाचा पोत, फोटोवर टाकला की फोटो मळतो, ही तक्रार बेळगाव-खानापूरकडच्या अल्बमवाल्यांत नेहमीची. मग लेयर एकमेकांत मिसळण्याचे मोड बदलून बघतात: मल्टिप्लाय काढून ओव्हरले, ओव्हरले काढून सॉफ्ट लाइट, अशी सगळी यादी चाळून होते आणि शेवटी ओपॅसिटी, म्हणजे लेयरचा ठळकपणा, पंधरा टक्क्यांवर आणून विषय संपतो. टेक्स्चर दिसत नाही, मळकटपणा तेवढा राहतो. बिघाड बहुतेक वेळा मोडमध्ये नसतोच. टेक्स्चर हाही एक फोटोच आहे. त्याला स्वतःचा उजेड, सावली आणि रंग असतो. तो सगळा ऐवज नवरीच्या चेहऱ्यावर उतरतो.

खानापूर भागातली जांभ्याची भिंत घ्या. तिरप्या उन्हात काढली असेल तर तिची एक बाजू उजळ, दुसरी काळपट. तशीच चढवली की एक गाल विनाकारण सावलीत जातो, आणि जांभ्याच्या तांबड्या रंगानं हळदीची पिवळी साडी नारिंगी होते. म्हणून चढवण्याआधी भिंतीतला रंग आणि उजेड काढून फक्त पोत ठेवायचा. फोटोशॉपमध्ये टेक्स्चरच्या लेयरवर कंट्रोल-शिफ्ट-यू दाबा, रंग जातो. मग फिल्टर मेनूतल्या अदरमध्ये हाय पास, म्हणजे बारीक तपशील ठेवून मोठी उजेड-सावली काढणारा फिल्टर. मोठ्या फाइलला रेडियस 30 ते 60 च्या दरम्यान ठेवून बघा. भोकं, कंगोरे दिसत राहिले पाहिजेत आणि भिंतीची एकूण उजळ-काळी बाजू नाहीशी झाली पाहिजे. सगळं मधल्या करड्या रंगावर येतं. सॉफ्ट लाइट आणि ओव्हरले नेमक्या याच 50 टक्के करड्याकडे दुर्लक्ष करतात, त्यामुळे फोटोचा एकूण उजेड हलत नाही, पोत तेवढा उमटतो. फिका वाटला तर लेव्हल्सनं थोडा कॉन्ट्रास्ट वाढवा, मधला काटा मात्र हलवू नका.

हाच करडा लेयर मल्टिप्लायला ठेवला तर अख्खा फोटो काळवंडणार, कारण मल्टिप्लाय फक्त पांढरं सोडतो. स्क्रीन काळं सोडतो. आपला मोड काय सोडून देतो एवढं ठाऊक असलं की यादी चाळत बसावं लागत नाही. तांबडी झाक हवीच असेल तर ती वेगळ्या सॉलिड कलर लेयरवर, अगदी कमी ओपॅसिटीनं द्या.

फोटोत अचानक करडी भिंतच दिसायला लागली तर लेयरचा ग्रुप तपासा. ग्रुपचा मोड पास थ्रू वरून नॉर्मल झाला की आतला सॉफ्ट लाइट ग्रुपबाहेरच्या फोटोपर्यंत पोचतच नाही.

गिंप हे फोटोशॉपसारखं मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची अडचण वेगळी. 2018 साली आलेल्या 2.10 आवृत्तीआधी गिंपचा ओव्हरले प्रत्यक्षात सॉफ्ट लाइटसारखाच चालायचा. जुना धडा बघून नव्यात काम केलं की परिणाम भडक येतो, तो यामुळे. मोडच्या यादीशेजारी डिफॉल्ट आणि लेगसी असा बदल करता येतो, तो बघा.

आता आकार. जांभ्याचं भोक नाकपुडीएवढं झालं की चेहऱ्यावर देवीचे व्रण दिसतात. टेक्स्चर लहान करा, नाहीतर बारीक कणांचं निवडा. उलट चूक जास्त होते: व्हॉट्सॲपवरून आलेली भिंत ताणून 12 बाय 18 इंचाच्या पानावर बसवणं. 300 पीपीआयला (इंचाला 300 पिक्सेल) या पानाला 3600 बाय 5400 पिक्सेल लागतात. ताणलेल्या जेपीजीचे चौकोनी ठोकळे ओव्हरलेनं उठून दिसतात. स्क्रीनवर नजरेतून सुटले तरी छपाईत सुटत नाहीत.

चेहऱ्यावरचं टेक्स्चर इरेझरनं पुसू नका, मास्क लावा, म्हणजे लेयरचा भाग न पुसता झाकला जातो आणि मागे फिरता येतं. आणि पूर्ण पुसू नका. थोडा पोत राहू द्या, नाहीतर चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो. शालूवरून तर मी पूर्ण काढतो. शहापूर-वडगावच्या मागावरच्या साडीला स्वतःचा पोत असताना तिच्यावर भिंत चढवायची कशाला?

पार्श्वभूमी धूसर आणि टेक्स्चर धारदार असेल तर ते फोटोत मुरत नाही, वर काच ठेवल्यागत दिसतं. जुन्या प्रिंटचा भास हवा असेल तर ठीक. नाहीतर मागच्या भागापुरती टेक्स्चरची प्रत करून तिच्यावर हलका गाउशियन ब्लर द्या.

टेक्स्चर स्वतः काढणार असाल तर पावसाळी ढगाळ दिवस उत्तम. उजेड सपाट मिळतो, हाय पासचं काम निम्मं होतं. भिंतीसमोर कॅमेरा सरळ धरा. बेळगाव किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन मंदिर, 1204 चं, रट्ट राजघराण्याच्या काळातलं. त्याच्या छतावरचं कमळ टेक्स्चर म्हणून वापरायचा मोह होतो. पण ओळखू येणारं नक्षीकाम चेहऱ्यावरून नजर पळवतं. साधा, झिजलेला दगड बरा. शिलालेखाची अक्षरंही नकोत, टेक्स्चर आडवं फ्लिप केलं की ती उलटी होतात. निपाणीकडच्या तंबाखूच्या पोत्याचं गोणपाट छान दिसतं, मात्र त्याची वीण नियमित असते. फोटो लहान करताना तिच्यात लाटांसारखे पट्टे उठतात, म्हणून आधी किंचित ब्लर करा आणि शंभर टक्के झूमवर तपासा. कॅनव्हासवर छापायचं असेल तर ओपॅसिटी आणखी खाली आणा, कारण कापडाची वीण त्यात स्वतःची भर घालते.