ॲडार-१चे दोन बँड: अँटिबॉडी निवडण्यापासून ब्लॉटपर्यंत

वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रोटीन जेलवर आकारानुसार वेगळी करून पडद्यावर घेतात आणि हवं ते अँटिबॉडीने पट्ट्याच्या (बँडच्या) रूपात ओळखतात. ॲडार-१साठी अँटिबॉडी घेताना किंमत बघण्याआधी माहितीपत्रकात बघा, ती प्रोटीनच्या कोणत्या भागाला चिकटते. आरएनएतल्या ॲडेनोसिनचं इनोसिन करणाऱ्या या एन्झाइमची दोन रूपं आहेत. पी-१५० इंटरफेरॉनने (विषाणू आल्यावर पेशी सोडतात त्या इशारा-प्रोटीनने) वाढतं आणि मुख्यतः सायटोप्लाझममध्ये असतं. पी-११० कायमच असतं, बहुतेक केंद्रकात. पी-११० सुरू होतं २९६व्या अमिनो आम्लापासून. त्यामुळे पहिल्या २९५ आम्लांवर बनवलेली अँटिबॉडी फक्त पी-१५० दाखवते. दोन्ही हवी असतील तर सी-टोकाची (प्रोटीनच्या शेवटच्या भागाची) घ्या.

पार्सल उन्हात पडू देऊ नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ला टेकतो. आल्याबरोबर १०-१० मायक्रोलिटरचे भाग करून उणे २० अंशांवर ठेवा, पण आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजरमध्ये नको.

ए-५४९ पेशींच्या (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी फुप्फुस-कर्करोगाच्या पेशींच्या) एका प्लेटला इंटरफेरॉन-बीटा द्या, १००० युनिट प्रति मिली, २४ तास. दुसरी प्लेट तशीच. पेशी फोडायला रिपा बफरमध्ये प्रोटिएज इन्हिबिटर (प्रोटीन तुटू न देणारं रसायन) घालून बर्फावर ३० मिनिटं. लायसेट (फोडलेल्या पेशींचं द्रावण) तारेसारखं ओढलं जात असेल तर तो डीएनए आहे: २६ गेजच्या सुईतून आठ-दहा वेळा काढा. सौम्य बफरने केंद्रक फुटत नाही आणि पी-११० फिका दिसतो. मग दोष उगाच अँटिबॉडीला जातो.

८ टक्के जेल, प्रत्येक खाचेत ३० मायक्रोग्रॅम. ट्रान्सफर (प्रोटीन जेलमधून पडद्यावर नेणं) खरं तर ४ अंशांवर ३० व्होल्टला रात्रभर उत्तम, पण इन्व्हर्टरचा भरवसा असेल तरच. लोडशेडिंगमध्ये करंट थांबला की प्रोटीन जेलमध्येच पसरतं. त्यापेक्षा टाकी बर्फात बुडवून १०० व्होल्टला ९० मिनिटं. मिथेनॉल १० टक्केच. जास्त घातलं तर मोठं प्रोटीन जेलमधून सुटत नाही. ५ टक्के साय काढलेल्या दूध पावडरीत तासभर ब्लॉकिंग (पडद्याच्या मोकळ्या जागा झाकणं), अँटिबॉडी १:१००० रात्रभर, मग टीबीएसटी या धुण्याच्या बफरचे दहा-दहा मिनिटांचे तीन धुवे. बँड दिसावा म्हणून अँटिबॉडीला जोडलेल्या एचआरपी एन्झाइमच्या द्रावणात सोडियम अझाइड नको, एन्झाइमच मरतं.

इंटरफेरॉनच्या खाचेत १५० किलोडाल्टनजवळचा बँड ठळक झालाच पाहिजे. ॲडार-१चं जनुक गप्प करणारा एसआय-आरएनए दिलेल्या किंवा नॉकआउट (ते जनुकच काढलेल्या) पेशींत दोन्ही बँड गेले, तरच अँटिबॉडी खरी माना.

आजारांबाबत एक सावधगिरी. एकार्डी-गुटिएर्स सिंड्रोम या मेंदूच्या दुर्मीळ आनुवंशिक आजारातला ॲडार-१चा पी१९३ए हा बदल १९३व्या जागी असतो, म्हणजे फक्त पी-१५०मध्ये. पण ब्लॉट प्रोटीन किती आहे ते सांगतो, एडिटिंग (ॲडेनोसिनचं इनोसिन) होतंय का ते नाही. ते बघायला सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) सिक्वेन्स करा. त्यात इनोसिन 'जी' म्हणून वाचलं जातं, म्हणून जीनोममधल्या 'ए'च्या जागी 'जी' येतोय का तपासा.