कात्रणांसाठी कापडाने मढवलेला डबा

शिवणकाम करताना निघणारे दोऱ्याचे तुकडे आणि कात्रणे हातासरशी टाकता यावीत, यासाठी डबा रुंद तोंडाचा आणि बिनझाकणाचा असावा, कारण एका हातात सुई असताना झाकण उघडत बसणे जमत नाही. साधा पत्र्याचा डबा चालतो. मात्र त्याचा काठ धारदार असल्यास तो कानशीने घासून त्यावर जाड चिकटपट्टी आधीच लावावी.

मापाला पुरेसा वेळ द्यावा, कारण डब्याची सुबकता नक्षीपेक्षा मापावरच जास्त अवलंबून असते. डब्याचा व्यास १० सेंमी आणि उंची १२ सेंमी असेल, तर परीघ सुमारे ३१.४ सेंमी भरतो. त्यात दुमडीसाठी २ सेंमी मिळवून कापडाची लांबी ३३.५ सेंमी घ्यावी, आणि उंचीत वरून आत वळवण्यासाठी २ व बुडाकडे दीड सेंमी धरून रुंदी १५.५ सेंमी ठेवावी. कापड सुती, धुऊन इस्त्री केलेले आणि सरळ धाग्यावर कापलेले हवे. उरेब, म्हणजे तिरके, कापलेले कापड चिकटवताना ताणले जाते आणि त्यावरील रेषा वाकड्या दिसतात.

पांढरा गोंद कापडाला न लावता डब्याला ब्रशने अगदी पातळ लावावा. जाड थर लावला की तो कापडातून वर येतो आणि वाळल्यावर तिथे कडक, गडद डाग दिसतो, म्हणून एका तुकड्यावर आधी लावून पाहणे उत्तम. एका वेळी चार बोटे रुंदीच्या भागालाच गोंद लावून, कापड मधून काठांकडे तळहाताने दाबत न्यावे. सुरकुती पडलीच, तर गोंद ओला असेपर्यंत कापड उचलून पुन्हा बसवता येते. शेवटचे टोक १ सेंमी आत दुमडून सुरुवातीच्या टोकावर चिकटवावे. बुडाकडच्या कापडाला कात्रीने खाचा देऊन ते खाली वळवावे आणि त्यावर कापडाने मढवलेली पुठ्ठ्याची चकती बसवावी.

आतले अस्तर मात्र बहुतेक जण टाळतात, आणि ते मला पटत नाही. आधी आत तळाशी काही चपटे खडे चिकटवून त्यावर पुठ्ठ्याची मढवलेली चकती ठेवावी, म्हणजे हलका डबा धक्क्याने कलंडत नाही. मग पातळ पुठ्ठ्याची पट्टी आत गुंडाळून, टोके जिथे भिडतात तिथे खूण करून कापावी, गुळगुळीत कापडाने मढवावी आणि काठाच्या अर्धा सेंमी खाली येईल अशी चिकटवावी. अस्तराला मखमल किंवा लोकरी कापड नको, कारण दोरे त्याला चिकटून राहतात आणि डबा उपडा केला तरी निघत नाहीत.

डबा रात्रभर वाळू द्यावा. मोडक्या सुया आणि वाकलेल्या टाचण्या यात कधीही टाकू नयेत. कात्रणे काढताना हात आत घालावा लागतो, म्हणून सुया-टाचण्यांसाठी घट्ट झाकणाची वेगळी डबी ठेवावी.