गियर ऑइल मागण्याआधी क्लच कुठे आहे ते बघा

डिचोलीतल्या आमच्या स्पेअर पार्टच्या दुकानात “बाय, गियर ऑयल दी गो” म्हणत कुणी आलं की मी आधी गाडी विचारते. स्प्लेंडर, जुनी बुलेट, आरएक्स, अ‍ॅक्टिव्हा, प्रत्येकीचं उत्तर वेगळं. गिऱ्हाइकाला वाटतं, ही उगाच चौकशा करते.

सगळ्यात जास्त येतात त्या स्प्लेंडर, पल्सर, युनिकॉर्न, रॉयल एनफिल्डची नवी क्लासिक. या गाड्यांचं इंजिन, क्लच आणि गियर एकाच तेलात बुडालेले असतात. वेगळं गियर ऑइल त्यांना लागतच नाही, इंजिन ऑइल हेच त्यांचं गियर ऑइल. अडचण अशी की गियरच्या दात्यांना निसरडेपणा हवा असतो आणि क्लचच्या प्लेटांना पकड. तेल फार निसरडं निघालं की प्लेटा घसरायला लागतात.

म्हणून डबा हातात घेतलात की आधी मागच्या बाजूला ‘जासो’ शोधा. हे जपानी मानक आहे. एमए किंवा एमए२ लिहिलेलं असेल तर ते तेल ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचसाठी, एमए२ मध्ये पकड आणखी चांगली. एमबी हे क्लच तेलात नसलेल्या स्कूटरसाठी. स्प्लेंडरमध्ये ते घालू नये. घरच्या कारच्या सर्व्हिसिंगमधून उरलेलं अर्धा लिटरही बायकमध्ये ओतू नका. ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० अशा पातळ कार-तेलांत पेट्रोल वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं बहुधा असतातच. मग चोर्ला घाट चढताना थ्रॉटल पिळला की इंजिन ओरडतं आणि स्पीडचा काटा जागचा हलत नाही. असं झालं तर आधी क्लच केबल फार ताणलेली नाही ना ते बघा. तिथे ठीक असेल तर तेलावर संशय घ्या. तेल बदलूनही घसरणं थांबलं नाही, तर प्लेटा गेल्या.

आकड्यांसाठी गाडीसोबत आलेलं पुस्तक बघा. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०. क्लासिक, मिटिऑरला १५डब्ल्यू-५०. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंड इंजिनाचा, नंतरचा तापलेल्या इंजिनाचा. आपल्याकडे थंडी ती कसली, त्यामुळे पहिल्या आकड्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण ‘गोव्यात उकडतं, जाड तेल घाल’ हा सल्लाही मला पटत नाही. पुस्तकातला ग्रेड आपलं हवामान धरूनच दिलेला असतो. १०डब्ल्यू-३० च्या गाडीत २०डब्ल्यू-५० ओतलं तर क्लच नीट सुटत नाही, न्यूट्रल सापडत नाही आणि मायलेज पडतं ते वेगळंच. महागडं सिंथेटिक घालून वर्षभर विसरण्यापेक्षा साधं तेल वेळेवर बदललेलं बरं. दिवसभर गल्लीबोळांतून भाडी मारणाऱ्या पायलटांना, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यांना तर मी हेच सांगते.

आता ट्रकवाल्यांच्या घरांबद्दल. खाणींमुळे आमच्या भागात घरोघरी टिप्पर होते, आणि अजूनही कुणाच्या पडवीत ईपी ९० चा डबा असतो. त्यावर ‘गियर ऑइल’ असं ठळक छापलेलं, मग ते बायकच्या गियरला का नको? कारण त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं क्लच आणि इंजिन ज्यात बुडालेलं असतं त्या तेलासाठी बनवलेलीच नसतात. आणि ९० म्हणजे ४० च्या दुप्पट जाड, असंही नाही. गियर ऑइलची मोजपट्टी वेगळी. ९० चं गियर ऑइल जाडीला ४०-५० च्या इंजिन ऑइलच्या आसपास येतं.

हे तेल शोभतं ते जुन्या कास्ट आयर्न बुलेटच्या गियरबॉक्सला. तिथे इंजिन, चेनकेस आणि गियरबॉक्स यांच्या जागा वेगवेगळ्या. गियरबॉक्ससाठी ईपी ९० घ्याल तेव्हा डब्यावर जीएल-४ आहे ना ते बघा. जीएल-५ मधली रसायनं जास्त तीव्र, ती आतल्या ब्राँझच्या बुशांना खाऊ शकतात. गळती कंटाळवाणी झाली म्हणून पातळ ग्रीस भरणारेही आहेत. क्लच असतो डाव्या बाजूच्या चेनकेसमध्ये; तिथे ईपी तेल अजिबात नको. काही जण तिथे लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गियरच्या गाड्यांचं तेल) घालतात, ते चालतं. पण तेच एटीएफ स्प्लेंडरच्या इंजिनात नाही.

आरएक्स १०० चं टूटी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) तेल पेट्रोलबरोबर जळून जातं. गियर आणि क्लच खाली स्वतंत्र कप्प्यात, आणि क्लच ओला. तिथे २०डब्ल्यू-४० सारखं एमए लिहिलेलं फोर-स्ट्रोक तेल, साधारण ६५० मिली.

स्कूटरचं गियर ऑइल मागच्या चाकापाशी, बहुतेकांत जेमतेम शंभर-सव्वाशे मिली, म्हणून ते सगळे विसरतात. क्लच कोरडा असल्यामुळे इथे एमबीही चालतं. अ‍ॅक्टिव्हाला इंजिनाचंच १०डब्ल्यू-३०, व्हेस्पाला ८०डब्ल्यू-९०. खरा त्रास पावसात. रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की गियरकेस थंड पडतो आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या भोकातून) पाणी ओढून घेतो. मागून घरघर येत असेल तर थांबू नका, ड्रेन बोल्ट उघडा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर सगळं काढा, नवीन भरा, थोडे किलोमीटर फिरवून तेही काढा आणि पुन्हा भरा. हे दोन्ही वेळचं तेल मिळून पाव लिटरच्या आसपास जातं, बेअरिंगच्या खर्चापुढे काहीच नाही. बोल्टाचा वायसर मात्र दर वेळी नवा घाला.

विकत घेताना झाकणाचं सील आणि पॅकिंगची तारीख बघून घ्या, सुटं तेल घेऊ नका. रिकाम्या डब्याला स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडूनच तो फेका, नाहीतर कुणीतरी जुनं तेल गाळून त्यात भरतो. जुनं तेल गॅरेजवाल्याच्या पिंपात द्या. विहिरीच्या बाजूला ओतणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांना मी तेल विकते पण चार शब्दही ऐकवते.